पिशवीवालीचं तोंड

लालबाग
१५ जानेवारी २०२५

अनिशा,

बोलते आहे तुझी आजी आणि लिहिते आहे पलीकडच्या खोलीतली ललिता. तिचे पोळीभाजीचे डबे गेले की दुपारी ती मोकळी असते, म्हणून पकडून बसवलंय. शुद्धलेखन चुकलं तर तिचं, बोलणं चुकलं तर माझं. (शुद्धलेखन चुकणार नाही. – ललिता)

फोन का करत नाहीस, असं विचारू नकोस. तू वसतिगृहात होतास तेव्हापासून आपलं पत्रांवर चालतं. फोनवरचं बोलणं हवेत जातं. पत्र उशीखाली राहतं. मला वाचता येत नाही हा तर फायदाच आहे, दर वेळी कुणाकडून तरी वाचून घेते आणि दर वेळी नवं वाटतं.

बातमी अशी की संक्रांतीला मी मोबाइलवर आले. मी म्हणजे ती, तुझ्या आजोबांच्या चित्रांतली पिशवीवाली. चाळीत सगळ्यांच्या फोनवर एकदमच आली. नऊवारी लुगडं, नथ, हातात कापडी पिशवी, सगळं जिथल्या तिथं. मला जिना उतरायला कठडा धरावा लागतो आणि ही बया रस्त्यानं टणाटणा चालत येते. येते आणि म्हणते, "तिळगूळ घ्या मेल्यांनो, गोड नाही बोललात तरी चालेल, खोटं बोलू नका." कोपऱ्यातल्या खोलीतल्या भिवाचे कान गेलेत, तोसुद्धा फोन कानाला लावून हसत होता.

तुझंच काम ना हे? दिवाळीला आलास तेव्हा आठवडाभर मोबाइल डब्याला टेकवून माझ्यासमोर बसला होतास. आजी हास, आजी शिव्या घाल, आजी हाकामारीची गोष्ट सांग. ती गोष्ट तर पुन्हा पुन्हा. ओळखीच्या माणसाच्या आवाजात ती दारात हाक मारते, पहिल्या हाकेला ओ दिली की माणूस गेला. म्हणून लोक दारावर लिहायचे, "उद्या ये". ती वाचायची आणि परत जायची. मी तुझ्या आजोबांना म्हणायची, बघा, भुताला वाचता येतं आणि तुमच्या बायकोला नाही.

एक मात्र खटकलं. तिला तोंड आहे.

तुझ्या आजोबांनी तिला कधी तोंड काढलं नाही. नथीखाली कोरं. संध्याकाळी चित्र काढून माझ्यापुढे ठेवायचे, मी भाकऱ्या थापता थापता बघायची. चित्र नुसतं बघून मला कळलं नाही तर फाडून टाकायचे. कळलं तर विचारायचे, "काय म्हणेल ही?" मी जे म्हणेन ते खाली लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी सांजेच्या पेपरात वाचून अख्खं गिरणगाव हसायचं. लिहिणारे ते, बोलणारी मी, आणि वाचता येत नसल्यामुळे आपण काय बोललो ते मला भाजीवाला सांगायचा. संपादकानं एकदा विचारलं, बाईला तोंड का नाही? तर म्हणाले, "तोंड घरी आहे."

बाकी चाळीत बिल्डरची माणसं सह्यांचे कागद घेऊन फिरतायत. ते चालायचंच.

खाली माझा अंगठा आहे, हळदीत बुडवून. काळ्या शाईचा अंगठा मी कुणाला देत नाही.

तुझी आजी


बंगळूर
२३ जानेवारी २०२५

आजी,

ललितामावशी हे मोठ्यानं वाचतेय, म्हणून आधी तिला नमस्कार. मावशी, तुझ्या हातच्या पोळीची इथे फार आठवण येते.

हो, मीच. मी ज्या ॲनिमेशन स्टुडिओत लागलो तिथे रघुवीर आजोबांची चित्रं दाखवली आणि सगळे वेडे झाले. मी त्यांना सांगितलं, ही बाई माझ्या घरात राहते. कुणाचा विश्वास बसेना. आजी, ज्या दिवशी पिशवीवालीनं पहिलं पाऊल उचललं ना, त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडलो. आजोबा असते तर काय म्हणाले असते?

तोंडाचं म्हणशील तर पडद्यावर बोलणारी बाई बिनतोंडाची दाखवता येत नाही, लोक दचकतील. आणि आवाज तुझा नाही. एक नटी आहे, तिनं छान पकडलंय. तुझं दिवाळीचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे, माझ्यापुरतं. तू काळजी करू नकोस.

बिल्डरचं मला काही माहीत नाही.

गुडघ्याला तेल लाव. आणि एकदा तरी फोन करत जा ना. इतक्या वर्षांत तू मला एकदाही फोन केला नाहीस.

तुझा,
अनिश


लालबाग
६ फेब्रुवारी २०२५

अनिशा,

तुझं पत्र ललिताकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा पत्र ऐकलं, दुसऱ्यांदा ललिताचा चेहरा बघितला. आवाजाचं मी विचारलंच नव्हतं. मग म्हटलं, जाऊ दे, पोराला घाई असेल.

त्यानंतर पिशवीवाली परत आली. या वेळी तिळगूळ नव्हता. आपल्याच जिन्यात उभी होती, कठड्याचा तुटका दांडासुद्धा बरोबर काढलेला. म्हणाली, "किती दिवस या कुजक्या लाकडांना मिठी मारून बसणार? मी कागद वाचून घेतलाय. सगळं आहे त्यात. द्या सह्या आणि सुटा."

कागद मी खरंच वाचून घेतला होता, याच ललिताकडून. त्यात बाहेर कधी पडायचं ते ठळक अक्षरात आहे, आणि परत कधी यायचं ते कुठंच नाही. मी त्यांच्या माणसाला म्हटलं, बाबा, परत यायची खोली लिहून दे, लगेच अंगठा देते. तो हसला. म्हणाला, आजी, तुम्ही तर आमच्या स्टार आहात. मला तेव्हा कळलं नाही तो असं का म्हणाला.

भिवानं सही दिली. मला विचारलंसुद्धा नाही. का विचारेल? मीच तर सांगितलं होतं त्याला, फोनवर, त्याच्या कानात. मुलुंडच्या पलीकडे कुठंतरी खोली दिलीय. त्याचं सामान उतरलं त्याच दिवशी माणसांनी येऊन दार काढलं, खिडक्या काढल्या, मोरीची भिंत फोडली. म्हणजे परत येऊन राहता येऊ नये. आता गॅलरीतून चालताना कोपऱ्यात ते भगदाड दिसतं आणि वारा आत शिरला की माणूस कण्हल्यासारखा आवाज येतो.

मी दारोदार सांगत फिरले, ती मी नव्हे. तर तळमजल्यावरची एक बाई म्हणाली, "काकी, फोनवर सही द्या म्हणता, दारात येऊन देऊ नका म्हणता. बिल्डरकडून पैसे घेता आणि आमच्यासमोर भलतं बोलता होय?" मी कठडा धरून तशीच वर आले. (खरं आहे. मी तिथे होते. – ललिता)

आता ऐक, तुला ही गोष्ट सांगितली नव्हती. तुझ्या आजोबांनीही एकदा माझ्या तोंडी भलतं घातलं होतं. गिरण्यांच्या संपाचं वर्ष. मी बोलले होते एक, आणि संपादकाच्या धाकानं त्यांनी खाली छापलं दुसरं, की "चूल विचारते, भोंगा कधी वाजणार?" म्हणजे संप सोडा आणि कामाला जा. मला काय ठाऊक? मी सकाळी नळावर गेले तर बायका बाजूला सरकल्या. भाजीवाला बोलेना. शेवटी भिवानं, तेव्हा तो संपावर होता, पेपर माझ्या तोंडावर वाचून दाखवला. मी घरी आले, परातीतलं पीठ तसंच ठेवलं आणि यांच्यासमोर बसून राहिले. ते चित्र पुढं ठेवायचे, मी भिंतीकडे बघायची. पेपरात पिशवीवालीच्या खाली ओळ नाही असं तेव्हाच झालं, आठवडाभर. मग ते उठले आणि या चाळीत एकेका दारात जाऊन म्हणाले, "ते शब्द तिचे नव्हते. माझे होते." भिवानं त्यांना सगळ्यांत शेवटी चहा दिला, पण दिला.

म्हणून सरळ विचारते. ही नटी "सुटा" म्हणायच्या आधी नाकातून हुंकारते. तसा हुंकार मी देते, आणि तोही दात दुखत असला तर. दिवाळीत माझी दाढ दुखत होती, झिला. नटीची पण दुखत होती का?

हळदीचा अंगठा खाली आहे.

आजी


बंगळूर
१४ फेब्रुवारी २०२५

आजी,

तू उगाच काहीतरी जोडतेस. नटी चांगली आहे, म्हणून तुला तसं वाटतं. पिशवीवाली आता कंपनीच्या मालकीची आहे, ती कुठल्या गिऱ्हाइकासाठी काय बोलते ते ठरवणारा मी कोण? मी नुसता चित्रं हलवतो.

भिवाआजोबांचं वाईट वाटलं. पण आजी, खरं सांगू का? त्यांचं म्हणणं काय अगदीच चूक आहे? संडास बाहेर, जिना असा, तुझा गुडघा असा. लिफ्ट मिळेल, घरात नळ मिळेल. तुझ्या मजल्यावरचे सगळे तुझ्याकडे बघून अडून बसलेत म्हणतात. तू सही दिलीस तर चार दिवसांत सगळं मार्गी लागेल. बाबा गेल्यापासून तुझं मीच बघायचं आहे ना? मग माझं ऐक ना एकदा.

संपाची गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. रघुवीर आजोबांनी असं केलं असेल यावर विश्वास बसत नाही.

रागावू नकोस.

अनिश


लालबाग
२१ फेब्रुवारी २०२५

अनिशा, माझ्या झिला,

रागावू कशाला? या वयात राग पचत नाही, वालाच्या उसळीसारखा रात्रभर वर येतो. तुझं म्हणणं मी मनावर घेतलंय. तुझा बाप, माझा शिवा, गेल्यावर मला तुझ्याशिवाय कोण? तुझी आई कुडाळला, तिचं तिला सुटत नाही. मी तरी किती दिवस एवढा जिना चढणार?

पण अडचण अशी आहे की माझ्या एकटीच्या अंगठ्यानं काही होत नाही. तळमजल्यावरचे आडमुठे आहेत. ते म्हणतात, आता आमचा रखमाकाकीवर विश्वास नाही, ना फोनवरच्या, ना दारातल्या. शपथ घेतली तरच मानू. देवाची नको, देवाची शपथ तर बिल्डरसुद्धा घेतो. नवऱ्याच्या नावाची, चारचौघांत त्याचं नाव घेऊन. रखमा तेवढं करील तर आम्ही डोळे मिटून सह्या देऊ.

मला काही एवढे जिने उतरून शपथा घेत फिरणं होणार नाही. तुझी ती फोनवरची बाई धडधाकट आहे, टणाटणा चालते. असो. तू आपलं बघ. मी आपलं सहज सांगितलं.

परवा वालाचं बिरडं केलं होतं, तुझ्या वाटणीचं ललिताच्या ताटात गेलं. (चांगलं झालं होतं. – ललिता)

अंगठा खाली.

आजी


लालबाग
५ मार्च २०२५

अनिश,

तुझं पत्र आलं नाही. तुझं उत्तर आलं.

शनिवारी सकाळी सगळ्यांच्या फोनवर एकदम वाजलं. पिशवीवाली आपल्या जिन्याखाली उभी, पिशवी जमिनीवर ठेवलेली, हात जोडलेले. आणि ते तोंड उघडून म्हणाली, "माझ्या रघुवीरची शपथ घेऊन सांगते, सह्या द्या, कुणाचं वाईट होणार नाही."

नाव ललितानं लिहिलंय. (काकी तिथं नुसतं फोटोकडे बोट दाखवतात. – ललिता)

तुला अजून कळलं नसेल, म्हणून सांगते. तुला कळायला हवं होतं, माझ्या मांडीवर वाढलास तू. मी तुझ्या आजोबांचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं. शिवाच्या वेळच्या डोहाळजेवणात घेतलं. सत्यनारायणाला बायकांनी दार अडवलं तेव्हा घेतलं. एरवी हे, अहो, शिवाचे बाबा, तुझे आजोबा. रेशनच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं की मागच्या बाईला सांगायला लावायची. ते गेले तेव्हा इस्पितळातल्या माणसानं विचारलं, मयताचं नाव? माझ्या तोंडून तेव्हाही आलं नाही. भिवानं सांगितलं. अख्ख्या चाळीला हे ठाऊक आहे, मला यावरून चिडवतात. एकट्या तुला ठाऊक नाही, कारण तुझ्याशी बोलताना मी "तुझे आजोबा" म्हणायची आणि तुला ते साधं वाटायचं. तू तर त्यांचं नाव बिनधास्त घेतोस. पत्रात ललिता ते वाचते तेव्हा मला गोड लागतं. मी तुला कधी अडवलं नाही.

आणि शपथ तर मी मेलेल्या माणसाची कधीच घेत नाही. त्यांना वर तरी स्वस्थ बसू दे.

नळावर सगळ्यांनी ते पुन्हा लावून ऐकलं. मग तळमजल्यावरची तीच बाई, जी मला बोलली होती, फोनकडे बघून म्हणाली, "अगो बाय, ही कोण?" आणि हसत सुटली. हसता हसता तिचा चेहरा पांढरा पडला. दुपारपर्यंत सगळ्या बायका माझ्या दारात. कुणी माफी मागितली नाही, पण चहाची पातेली घेऊन आल्या. सह्यांचे कागद घेऊन माणसं आली तेव्हा त्यांना कुणी जिना चढू दिला नाही. तेवढं काम झालं.

आता दुसरं. तळमजल्यावर शपथेचं कुणी काही बोललंच नव्हतं. ते मी रचलं. फक्त तुला पाठवलेल्या पत्रात लिहवून घेतलं, आणि ललितानं मान खाली घालून लिहिलं. ते त्या फोनवरच्या बाईला कुणी सांगितलं? आवाज कुणाचा आहे ते मला त्या हुंकारालाच कळलं होतं. तो तिच्यापर्यंत कुणी पोचवला, तेवढंच बघायचं होतं. फार वाटत होतं की शनिवारी फोन वाजू नये.

शिरा पडो तिच्या तोंडावर, अशी शिवी घालणार होते. पण ते तोंड माझंच आहे.

तुझ्या आजोबांनी काय केलं होतं ते तुला सांगितलंय. पुढचं तू ठरव.

आजी


बंगळूर
७ मार्च २०२५

आजी,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा आपलं बोलणं होऊन बरेच दिवस झालेले असतील, पण मला हे लिहूनच सांगायचं आहे. रविवारी तू फोन केलास. आयुष्यात पहिल्यांदा! नंबर अनोळखी होता, मी घेणारच नव्हतो. आणि तू म्हणालीस, "झिला, मी बोलतेय."

तू म्हणालीस तसं सगळं कबूल करतो. नटी कुणीही नाही. आवाज तुझा आहे, दिवाळीचा. तो मशीनला शिकवला की मशीन त्याच आवाजात काहीही बोलतं. मला वाटलं, आजोबांची चित्रं आणि तुझा आवाज कायमचे राहतील, मी म्हातारा झालो तरी तू मला शिव्या घालशील. खरंच एवढंच वाटलं होतं. तोंड मी काढलं, आजी. तू हाकामारीची गोष्ट सांगत होतीस ते रेकॉर्डिंग थांबवत थांबवत, तुझ्या ओठांवरून. मग स्टुडिओनं ते बिल्डरला दिलं. मी गप्प बसलो. शपथेचं मी मीटिंगमध्ये बोलून गेलो, तेही खरं. शनिवारचा व्हिडिओ पाहिला, तो रडका हात जोडलेला अवतार. मी साहेबांना लगेच सांगितलं, आवाज पुसून टाका, नाहीतर मी चाळीत जाऊन सगळं सांगतो. ते म्हणाले, बघू.

आणि दुसऱ्याच दिवशी तुझा फोन! जणू तुला कळलंच होतं. तू किती शांत होतीस. म्हणालीस, "मला सगळं कळलं. माझा तुझ्यावर राग नाही. रघुवीरची शपथ." आजी, ते ऐकून मी लहान मुलासारखा रडलो.

तू सांगितलंस तसंच केलं. भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर आहे, म्हणून वारसाची सही चालेल, हे तुला कसं माहीत याचं मला आश्चर्य वाटलं, पण तू कुणाकडून तरी वाचून घेतलं असशील. सोमवारी त्यांचा माणूस कागद घेऊन इथे आला, मी सही केली. आता तुला कुठे अंगठा द्यायला नको, जिने चढायला नकोत. तू म्हणालीस, एवढ्यात येऊ नकोस, सगळं निस्तरल्यावर ये. तसंच करतो.

माफ केलंस, त्याबद्दल काय बोलू?

तुझा,
अनिश


लालबाग
१५ मार्च २०२५

अनिशा,

मी फोन केला नाही.

ललितानं तुझं पत्र वाचायला घेतलं आणि "रघुवीरची शपथ" या शब्दावर थांबली. मला वाटलं अक्षर लागत नाही. वर बघितलं तर ती रडत होती. (मी पुढचं वाचणार नव्हते. काकींनी वाचायला लावलं. – ललिता)

माझं पाच तारखेचं पत्र आता तुझ्या हातात पडलं असेल. नाव घेत नाही हे मी आधीच्या पत्रात लिहिलं असतं तर तुला कळलं असतं ती कोण. पण खरं सांगू? पत्राशिवायही कळायला हवं होतं. मी तुला माफ केलं असतं तर आधी पोटभर शिव्या घातल्या असत्या. एवढ्या गोड आवाजात मी कधी कुणाला माफ केलंय? तुझ्या आजोबांनासुद्धा नाही. तुला माफी हवी होती आणि ती तिच्याकडे तयार होती, म्हणून तू ओ दिलीस. पहिल्या हाकेला. तुला लहानपणापासून दुसरं काय शिकवलं होतं मी?

इथलं ऐक. होळीच्या आदल्या दिवशी दोन माणसं येऊन दारावर कागद चिकटवून गेली. या खोलीच्या वारसानं संमती दिली आहे, खोली रिकामी करावी. त्यांनी दाराच्या चौकटीचं माप घेतलं. मी आत बसले होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिवाची जुनी चौकट कुणीतरी खालच्या होळीत घातली, सागवान, रात्रभर जळत होती. भिवा होळीला आला होता. त्याला तिकडे कुणी ओळखत नाही, म्हणून हल्ली रोज बस बदलत येतो आणि जिन्याच्या पायरीवर बसून परत जातो. मी त्याला तुझी गोष्ट सांगितली नाही. ती त्याला तू सांगायची आहेस.

आता आळीपाळीनं बायका माझ्या दारात बसतात, भाजी निवडत, तांदूळ पाखडत. आज ललिताची पाळी आहे, म्हणून हे लिहून होतंय. मी आजारी आहे असं त्या फोनवालीनं कालच सगळ्यांना कळवलं. गावी जाते म्हणाली, माझी वाट बघू नका म्हणाली. मी इथे पाटावर बसून माझा निरोप ऐकला. चांगलं बोलली. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याकडे बघता बघता.

तू ये. निस्तरल्यावर नाही, आधी ये. दोन कामं आहेत. ज्या कचेरीत तुझी सही गेली तिथं जाऊन सांगायचं की ती फसवून घेतली. चालेल की नाही मला ठाऊक नाही, पण सांगायचं. आणि या चाळीत एकेका दारात जायचं आणि तुझे आजोबा म्हणाले होते तेच म्हणायचं. शेवटी भिवाकडे जायचं. त्याला आता दार नाही, तर पायरीवर जा. तो चहा देईल की नाही ते मी सांगू शकत नाही.

राग आहे का, विचारशील. आहे. समोर बस, मग शिव्या घालते.

थांब जरा. ललिता म्हणते, खाली टेम्पो उभा राहिलाय. त्याच्या टपावर कर्णा आहे. ऐकू येतंय मला. भर दुपारी हाका मारते आहे. तळमजल्यावरच्या बाईला नावानं हाक मारली, मग वरच्या मजल्यावरच्या दोघींना, आणि आता ललिताला. "ललिता, खाली ये गो, मी बोलतेय." माझाच आवाज आहे. माझा आवाज एवढा लांब जातो हे मला ठाऊक नव्हतं.

ललिता उठली होती. मी तिचा हात धरून ठेवलाय, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

तू येशील तेव्हा खालून हाक मारू नकोस, दारातूनही नको. तुझ्या आवाजालाही आता या घरात कुणी ओ देणार नाही, मीसुद्धा. तुझ्या साहेबांकडे तोही असेलच. तू एक कागद घे आणि पिशवीवालीचं चित्र काढून दाराच्या फटीतून आत सरकव. खाली ओळ लिहू नकोस, मला वाचता येत नाही. मी चित्र बघेन. बघून कळलं तर दार उघडेन.

तोंड मात्र काढू नकोस. ते घरी आहे, अजून.

हळदीचा अंगठा खाली आहे.

आजी